एसयूव्हीला मोठे ऑफ-रोड टायर: कायदा काय म्हणतो आणि कोणते कागद जवळ ठेवायचे

थार किंवा जिम्नी दारात आली की पहिल्या पावसाळ्याआधीच टायरचा विषय निघतो. मूळ टायर बारीक वाटतात, चिखलात घसरतात, आणि कुणीतरी सांगतं, ‘मोठे टाक आणि आरटीओत पास करून घे.’ मग अर्ज कुठला, फी किती, एजंट कोण, अशी शोधाशोध सुरू होते.

आधी उत्तर देतो: खासगी गाडीला कंपनीच्या मापापेक्षा मोठा टायर ‘पास’ करून घ्यायची सोय नाही. खासगी गाडीच्या आरसीवर टायरच्या मापाचा रकानाच नसतो, त्यामुळे तिथे शेरा मारायचा प्रश्न येत नाही. पैसे घेऊन ‘टायर पास करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विक्रेत्याने गाडी नियमबाह्य बदलून दिली तर त्याला याहून कडक शिक्षा आहे. त्यामुळे डिलिव्हरीआधी मोठे टायर बसवून द्यायला शोरूम कचरत असेल, तर त्यांच्यावर चिडू नका.

‘पण आरसीवर मापच नाही, मग पकडणार कसं?’ हा युक्तिवाद बरेच जण करतात. तो कच्चा आहे. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत तपासून मंजूर होतो, आणि टायरचं माप त्या मंजुरीचा भाग असतं. तेच माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. अधिकाऱ्याला तेवढं वाचलं तरी पुरतं.

मग चालतं काय? स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये दिलेली मापं निर्धास्त वापरा. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचं माप खालच्याला टाकता येतं, असं सर्रास मानलं जातं. 2020 च्या थारमध्ये एएक्सला 245/75 आर16 आणि एलएक्सला 255/65 आर18 आलं. दोन्हींच्या उंचीत जेमतेम दोन टक्के फरक आहे. तरीही आपल्या व्हेरिएंटला ते माप चालतं, असं कंपनीकडून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी ‘हो, चालतं साहेब’ याला अपघातानंतर कुणी विचारत नाही.

टायरची नक्षी बदलणं वेगळं. मूळ मापातच एचटी (डांबरी रस्त्यासाठीच्या) ऐवजी एटी (रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींसाठीचा) टायर घेतला तर गाडीचा तपशील बदलत नाही. माझ्या मते सह्याद्रीतल्या लाल मातीच्या वाटांसाठी दहातल्या आठ जणांना एवढंच पुरतं. पकड नक्षीने आणि हवेच्या योग्य दाबाने वाढते, उंचीने नाही. उंचीने मिळतो तो जमिनीपासूनचा गॅप, आणि तोही उंचीवाढीच्या निम्माच.

हिशोब जिम्नीवर करून बघू. मूळ माप 195/80 आर15. रुंदी 195 मिलिमीटर, त्याचे 80 टक्के म्हणजे 156, वर-खाली मिळून 312. रिम 15 इंची, म्हणजे 381. एकूण उंची 693 मिलिमीटर. लोक टाकतात त्या 235/75 आर15 ची उंची याच रीतीने 733.5 येते. फरक 40.5 मिलिमीटर, म्हणजे गॅप वीसच मिलिमीटर वाढला. त्याची किंमत म्हणून चाकाचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढा कमी वेग दाखवू लागतो. मूळ टायरवर मीटर अचूक असेल, तर समृद्धीवर काटा 120 वर असताना गाडी 127 ने धावत असते. वेगमर्यादेचं चलान आलं तर मीटरकडे बोट दाखवता येणार नाही. चाक जड झाल्याने पिकअप मरतो, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासतो. खंबाटकी उतरताना ब्रेकचं ते वाढलेलं अंतर समोरच्या दुचाकीवाल्याच्या जिवाशी येतं, म्हणून मी याबाबत आग्रही आहे.

आता टायर विकत घेताना बघायच्या गोष्टी. टायरच्या कडेवर आयएसआय चिन्ह हवंच. 2009 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार ते बंधनकारक आहे. कारच्या टायरसाठी मानक आहे आयएस 15633. परदेशातून कुणाकडून मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. जून 2020 पासून नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित केली गेली. मापाच्या शेजारी 96 एस असं काहीतरी लिहिलेलं असतं. 96 म्हणजे एका टायरवर 710 किलो भार, एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर. आकडा आणि अक्षर, दोन्ही स्टिकरवरच्यापेक्षा कमी नकोत. बरेच मड टायर क्यू, म्हणजे 160 चे असतात, तिथे थांबा. टायरच्या कडेवर DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक उत्पादनाची तारीख सांगतात: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. आणि टायर पाच घ्या. वेगळ्या उंचीची स्टेपनी लावून फोर-व्हील टाकलं तर डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) खराब होतात.

कागदांची फाइल छोटीच आहे. टायरचं जीएसटी बिल, त्यावर पूर्ण माप आणि ब्रँड, स्टिकरचा स्पष्ट फोटो, मॅन्युअलमधलं ते पान, कंपनीचा ईमेल, अलाइनमेंट-बॅलन्सिंगची पावती. आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनवर दाखवले तरी ग्राह्य आहेत. कुणी गाडी अडवली तर हुज्जत न घालता स्टिकर आणि टायरची कडा शेजारी-शेजारी दाखवा. माप जुळत असेल तर विषय तिथेच मिटतो.

विमा कंपनीला मात्र न चुकता कळवा. माप तेच असलं तरी ब्रँड, नक्षी आणि किंमत ईमेलने कळवून पोच जपा. महागडे अलॉय असतील तर ते पॉलिसीत जोडून घ्या. साध्या पॉलिसीत नुसता टायर फाटला तर भरपाई नसते. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळते, तीही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. मंजुरीबाहेरचं माप असेल तर अपघाताच्या दाव्यात सर्व्हेयर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

ज्यांना खरोखरच मोठे मड टायर हवेत, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवरच्या स्पर्धेसाठी, त्यांनी रिमसकट दुसरा सेट ठेवावा. मूळ टायरवर गाडी न्यायची, ट्रॅकवर चाकं बदलायची, परत येताना पुन्हा मूळ चढवायची. मेहनतीचं काम आहे, पण सार्वजनिक रस्त्यावर कायदा मोडत नाही.

काढलेले मूळ टायर विकायची घाई करू नका. आरसी 15 वर्षांची असते. ती संपण्याआधीच्या साठ दिवसांत नमुना 25 मध्ये नूतनीकरणाचा अर्ज करून गाडी तपासणीला न्यावी लागते. ती पास झाली की पाच वर्षं मिळतात. तेव्हा रबर जुनं झालेलं असेल, पण मूळ रिम जपलेले असतील तर त्यावर मंजूर मापाचे टायर चढवून गाडी नेता येते.