भूजलातील नायट्रेट प्रदूषण

विहीर, बोअरवेल किंवा झऱ्याच्या पाण्यात नायट्रोजनची संयुगे, मुख्यतः नायट्रेट, पिण्यास सुरक्षित मर्यादेबाहेर वाढणे म्हणजे नायट्रेट प्रदूषण. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास इतर काही घटकांना मिळणारी सवलत नायट्रेटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिग्रॅ आहे. अमेरिकेत ती १० अशी लिहितात, कारण तिथे फक्त नायट्रोजनचे वजन धरले जाते, त्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो. अहवाल वाचताना इथेच फसगत होते. ‘नायट्रेट-नायट्रोजन १८’ हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण ते जवळपास ८० मिग्रॅ नायट्रेट असते.

युरिया जमिनीत पडला की त्याचे अमोनियम होते आणि जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनियम धनभारित असल्याने चिकणमातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट मात्र मातीसारखेच ऋणभारित, म्हणून पिकाने न उचललेले नायट्रेट पाण्याबरोबर थेट खाली उतरते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी झिरपला, तरी दहा लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेला टेकते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी मुरुमात आणि खडकाच्या भेगांत साठते. उन्हाळ्यात फाटलेल्या काळ्या रानातून पहिल्या जोरदार पावसाचे पाणी तिथवर लवकर पोहोचते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील सुमारे २० टक्के नमुने मर्यादेबाहेर होते, महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून जास्त. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत मोडतात.

सगळे खापर युरियावर फोडणे मात्र बरोबर नाही. गावठाणातल्या विहिरीचा आकडा चढला असेल तर आधी संडासाचे शोषखड्डे, उकिरडा आणि गोठ्यातील मूत्र कुठे मुरते ते पाहावे. नायट्रेटसोबत विष्ठेतील जिवाणू सापडले तर सांडपाण्याचा संशय बळावतो. केवळ क्लोराइड वाढले म्हणून तसा निष्कर्ष काढू नये. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातूनही ते येते.

सर्वांत तातडीचा धोका सहा महिन्यांखालील, वरच्या दुधावरच्या बाळांना असतो. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते हिमोग्लोबिनमधील लोहाची अवस्था बदलून मेथहिमोग्लोबिन तयार करते, जे ऑक्सिजन वाहू शकत नाही. ते पूर्ववत करणारे विकर (एन्झाइम) तान्ह्या बाळात कमी असते. ओठ, नखे निळी-राखाडी पडतात, ऑक्सिजन देऊनही रंग सुधारत नाही. काढलेल्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकल्यास हवा लागूनही तो चॉकलेटी राहतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये: मेथहिमोग्लोबिन वाढले की तो ८५ च्या आसपास अडकतो. रुग्णालयात मेथिलीन ब्लू शिरेतून देतात, पण जी-६-पीडी विकराची कमतरता असल्यास ते घातक ठरू शकते. विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध १९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी दाखवला. आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. धोका आहे तो पावडरचे दूध कालवायच्या पाण्यात.

पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा या बाल-आजारावरून ठरलेली आहे. मोठ्यांनी वर्षानुवर्षे थोडे थोडे पिण्याचा हिशेब तिच्यात नाही. पोटात नायट्राइटपासून नायट्रोसो संयुगे (कर्करोगाशी जोडली जाणारी रसायने) बनू शकतात, आणि तशा परिस्थितीत घेतलेले नायट्रेट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात मोडते. डेन्मार्कमधील २०१८ च्या मोठ्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा वाढता धोका लिटरमागे ४ मिग्रॅच्या आसपासच दिसला. कार्यकारण पक्के झाले असे म्हणता येत नाही, पण ‘४५ च्या आत म्हणजे निर्धास्त’ हेही म्हणता येत नाही. थायरॉइडमध्ये नायट्रेट आयोडीनचा मार्ग अडवते.

या पाण्याला रंग, वास, चव काही नसते. उकळल्याने नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते: पाणी आटून निम्मे झाले की ४० चे ८० होते. तुरटी, क्लोरीन, कँडल फिल्टर, यूव्ही यांचा उपयोग नाही. आरओ किंवा ऋणायन-विनिमय रेझिनने (ऋणभारित कण पकडून ठेवणाऱ्या मण्यांनी) ते निघते; पाण्यात सल्फेट जास्त असेल तर साधे रेझिन आधी सल्फेट पकडते आणि लवकर संपते. आरओचे टाकाऊ पाणी विहिरीजवळ मुरवले तर तेच नायट्रेट परत येते. तपासणीचा नमुना थंड ठेवून शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत द्यावा, पावसाळ्याआधी आणि नंतर असा दोनदा.

शेतात उपाय म्हणजे खताचे हप्ते पाडणे. सुरू (हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या) उसाच्या हेक्टरी २५० किलो नत्राचे (नायट्रोजनचे) लागणीला १०, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर देताना) ४० टक्के असे वाटप शिफारशीत आहे. खत टाकून लगेच पाटाने भरपूर पाणी सोडले तर ही विभागणी वाया जाते. खडकात आधीच उतरलेले नायट्रेट बाहेर पडायला वर्षे लागू शकतात, त्यामुळे खत आवरले तरी विहिरीचा आकडा पुढच्याच हंगामात उतरेल असे नाही. तोवर बाळाच्या दुधापुरते पाणी तपासलेल्या दुसऱ्या स्रोतातून आणावे.