रोमन स्वयंपाकघरातले देव

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात सुतोरिया प्रिमिजेनियाचं घर म्हणून ओळखलं जाणारं एक लहानसं घर आहे. त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पूजेचं चित्र आहे. वेदीपाशी डोक्यावरून टोगा (रोमन पुरुषांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) ओढलेला पुरुष, शेजारी बासरीवाला, मागे पांढऱ्या अंगरख्यांतली दहा-बारा माणसं दाटीवाटीनं उभी. सगळ्यांचा उजवा हात छातीशी. दोन्ही टोकांना या माणसांपेक्षा कितीतरी उंच असे दोन तरुण देव. आणि त्याला लागूनच काय रंगवलंय? मांस, सॉसेज, वाम मासे, रानडुकराचं मुंडकं! देव आणि कोठी एकाच ठिकाणी.

ते उंच तरुण म्हणजे लारेस (एकवचनी लार), घराचे राखणदार. त्यांच्या जोडीला पेनातेस, कोठीचे देव. त्यांचं नावच ‘पेनुस’, म्हणजे घरातला अन्नसाठा, या शब्दाशी जोडलेलं. तिसरा गेनियस, कर्त्या पुरुषाची जीवनशक्ती. त्याची खास पूजा त्या पुरुषाच्या वाढदिवसाला व्हायची.

पॉम्पेईतल्याच वेत्ती यांच्या घरातला देव्हारा तर फारच देखणा. दोन नाचणारे लारेस, मधे गेनियस, खाली नैवेद्याकडे सरपटत निघालेला तुरेवाला नाग. हे घर गुलामीतून सुटून श्रीमंत झालेल्या दोघांचं. त्यांनी दर्शनी चौकात तिजोऱ्या मांडल्या, पण हा देव्हारा आहे आतल्या लहान चौकात, चुलीच्या खोलीजवळ. मला हे फार बोलकं वाटतं. जिथे राबणारे हात, तिथेच देव.

ग्रंथांतही तेच दिसतं. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात रोमन लेखक कॅटोनं शेतीवरच्या पुस्तकात शेतावरच्या कारभारणीला बजावलंय: चूल रोज स्वच्छ ठेव; महिन्याच्या पहिल्या दिवशी, नोन्सला (पाचव्या किंवा सातव्या दिवशी), ईड्सला (तेराव्या किंवा पंधराव्या दिवशी) आणि सणाला तिच्यावर माळ घाल, घरच्या लारची प्रार्थना कर. ही कारभारीण बहुधा गुलामच असे.

नैवेद्य काय असायचा, हे राखेतून कळतं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेईत जळलेले अंजीर, पाइनची फळं, कोंबड्याची हाडं अशा अर्पणाच्या खुणा सापडल्या आहेत.

पुढे ८ नोव्हेंबर ३९२ रोजी ख्रिस्ती रोमन सम्राट थिओडोसियसच्या कायद्यानं ही घरगुती पूजाही बंद केली. त्यात एकेक गोष्ट मोजून लिहिली आहे: लारला अग्नी नको, गेनियसला मद्य नको, पेनातेसला सुगंध नको. दिवे लावायचे नाहीत, धूप घालायचा नाही. आणि साडेपाचशे वर्षांपूर्वी कॅटोनं कारभारणीला सांगितलेली ती माळही बांधायची नाही.