जेवणानंतरची शुगर: दोन तास कुठून मोजायचे?

फास्टिंगचं रक्त देताना सहसा चूक होत नाही. घोटाळा होतो तो पीपीला, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी रक्त देताना. “अकराला जेवून उठलो, आता एक वाजला, झाले की दोन तास!” असं आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी म्हणतं. जेवायला कधी बसलात असं विचारलं, की उत्तर येतं सव्वादहा. म्हणजे दोन तास सव्वाबारालाच होऊन गेले.

दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. खायला सुरुवात केली की रक्तातली साखर चढू लागते, साधारण तासाभरात सगळ्यात वर जाते आणि मग इन्सुलिनमुळे उतरू लागते. या उतरणीवर पाऊण तासाने बराच फरक पडतो. उशिरा आलात तर आकडा कमी दिसतो आणि चालू गोळी पुरते आहे असं वाटतं. लवकर आलात तर तो जास्त दिसतो आणि औषध विनाकारण वाढू शकतं.

आपल्या इंदूरात सकाळचं खाणं लांबतं. साडेआठला पोहे, कुणी आलं म्हणून नऊला जिलबी, वर चहा. मग वेळ धरायची कुठून? तपासणीच्या दिवशी एकाच बैठकीत पंधरा-वीस मिनिटांत खाऊन घ्या. नंतर रक्त देईपर्यंत फक्त पाणी. बिनसाखरेचा चहाही नको, त्यात दूध असतंच. आमच्या फास्टिंगच्या पावतीवर ‘पहिला घास’ असा रकाना आहे, तो तेव्हाच भरा.

खायचं मात्र रोजचंच. रिपोर्ट चांगला यावा म्हणून नुसती मुगाची उसळ खाऊन आलात, तर तुमच्या पोळी-भाजी, वरण-भाताचं काय होतं ते डॉक्टरांना कळणार कसं? गोळी किंवा इन्सुलिनही डॉक्टरांनी थांबवलं नसेल तर नेहमीप्रमाणे घ्या.

मधुमेह नसलेल्यांचा दोन तासांचा आकडा साधारण १४० च्या आत असतो. मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांसाठी १८० च्या आत हे लक्ष्य धरतात, पण तुमचं लक्ष्य तुमचे डॉक्टरच ठरवतील. घरचं मशीन बोटाचं रक्त मोजतं, आम्ही शिरेतलं. जेवणानंतर बोटाचा आकडा थोडा जास्त येतोच. आम्ही करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी वापरतो, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि आकडा घसरतो.

वेळ फार चुकली असेल तर आम्ही रक्त न घेता दुसऱ्या दिवशी बोलावतो. काहींना राग येतो, पण ज्या रिपोर्टवर डॉक्टरांना विसंबता येणार नाही त्याचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर भागात आम्ही घरी येऊन रक्त घेतो. जेवायला बसताना फक्त एक फोन करा, आमचा माणूस बरोबर वेळेवर परत येईल. दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे लागत नाहीत.