‘फोर्ड व्ही फेरारी’मागची खरी शर्यत

‘फोर्ड व्ही फेरारी’ हा चित्रपट ज्या चुरशीवर आहे, ती सुरू झाली एका व्यवहारातून. १९६३ साली अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने इटलीची, शर्यतीच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेली फेरारी कंपनी विकत घ्यायचा बेत आखला, तेव्हा त्यामागे सूड नव्हता, बाजाराचा हिशेब होता. युद्धानंतर जन्मलेली अमेरिकन पिढी गाडी चालवण्याच्या वयाला आली होती. तिला वेगाची ओढ होती आणि फोर्डच्या गाड्या तिला वडीलधाऱ्यांच्या वाटायच्या. शर्यतीतलं नाव स्वतः कमवायला वर्षं लागली असती. इटलीत ते तयार मिळत होतं. बोलणी सहीपर्यंत आली आणि फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी अडले. कारखाना द्यायला त्यांची तयारी होती, पण आपल्या संघाने कुठे उतरायचं आणि किती खर्च करायचा हे डेट्रॉइटच्या फोर्डवाल्यांना विचारायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. बोलणी फिसकटली. सूडाची गोष्ट सुरू झाली ती इथून.

फोर्डचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरे यांनी मैदान निवडलं ते ले मान्सचं. फ्रान्समधली ही चोवीस तासांची शर्यत फेरारीने १९६० ते १९६५ अशी सलग सहा वर्षं जिंकली. फोर्डची जीटी४० ही गाडी मात्र आधी अमेरिकेत घडली नाही. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या लोला या ब्रिटिश कंपनीचे एरिक ब्रॉडली यांना हाताशी धरून तिची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १९६४ मध्ये फोर्डची एकही गाडी शर्यत पुरी करू शकली नाही. १९६५ मध्येही तेच झालं.

दरम्यान फोर्डच्या या मोहिमेची सूत्रं अमेरिकन कॅरोल शेल्बीकडे आली होती. शेल्बीने १९५९ मध्ये अॅस्टन मार्टिन चालवून ले मान्स जिंकली होती. पुढे हृदयविकारामुळे त्याचं चालवणं सुटलं. त्याचा खास चालक म्हणजे केन माइल्स: इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात राहिलेला, नंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला आणि जिभेला फार लगाम नसलेला. गाडीत नेमकं काय बिघडलंय हे तो चालवता चालवता ओळखायचा. चित्रपटात त्याला मुद्दाम घरी ठेवलेलं दाखवलंय, ते मला पटत नाही. १९६५ च्या ले मान्समध्ये तो ब्रूस मॅक्लारेनसोबत फोर्ड चालवत होता. गिअरबॉक्सने दगा दिला म्हणून ते बाहेर पडले.

सात लिटरचं इंजिन बसवल्यावर नवा प्रश्न उभा राहिला, थांबायचं कसं? ले मान्सच्या मार्गावरच्या, मुल्सानच्या जवळपास सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जायची आणि शेवटी जवळजवळ काटकोनात वळायची. प्रत्येक फेरीला ब्रेकच्या तबकड्या लालबुंद व्हायच्या, तडकायच्या. शेल्बीच्या संघातल्या फिल रेमिंग्टनने तबकड्या आणि पॅड झटपट बदलता येतील अशी रचना केली. विजयाचं श्रेय चालकांइतकंच त्याला द्यायला हवं.

१९६६ मध्ये माइल्सने डेटोनाची चोवीस तासांची आणि सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिंकली होती. ले मान्स जिंकला असता तर एकाच वर्षात तिन्ही जिंकणारा तो पहिला ठरला असता. १९ जूनला, शेवटच्या काही तासांत, तो आणि डेनी हल्म यांची गाडी पुढे होती. फेरारीच्या मुख्य गाड्या केव्हाच बाद झाल्या होत्या. तेव्हा फोर्डचे शर्यतप्रमुख लिओ बीब यांनी शर्यतीत उरलेल्या तिन्ही फोर्ड एकत्र रेषा ओलांडाव्यात असं ठरवलं. माइल्सने वेग कमी केला आणि मॅक्लारेन-ख्रिस एमनच्या गाडीला सोबत येऊ दिलं. पण नियम अंतर मोजत होता. मॅक्लारेनची गाडी सुरुवातीला रांगेत मागे उभी होती, म्हणजे तेवढ्याच वेळात ती काही मीटर जास्त धावली होती. विजेतेपद तिला मिळालं.

चित्रपट बीबला खलनायक करतो. माणूस दुष्ट होता असं मी म्हणणार नाही, पण निर्णय अन्यायाचाच होता. जाहिरातीच्या एका छायाचित्रासाठी दिवसरात्र राबलेल्या चालकाच्या हातून त्याचं हक्काचं यश गेलं. पण हल्मचंही तेवढंच गेलं आणि चित्रपटात तो जवळपास दिसतच नाही. मॅक्लारेन आणि एमन यांनीही रात्रभर गाडी पळवली होती, त्यांचा विजय दान म्हणून मिळालेला नव्हता. एन्झो फेरारी टोपी काढून माइल्सला मान देतात तो प्रसंग सुंदर आहे, पण घडलेला नाही. ते त्या दिवशी ले मान्सला नव्हतेच. त्यांच्या कारखान्यात संपांनी तयारी विस्कटली होती आणि मुख्य चालक जॉन सर्टीस संघव्यवस्थापकाशी भांडून ऐन शर्यतीआधी निघून गेला होता. फोर्डच्या विजयात याचाही वाटा होता आणि चित्रपटाने ते सांगायला हवं होतं.

दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड ट्रॅकवर फोर्डच्या ‘जे-कार’ या नव्या शर्यतीच्या गाडीची चाचणी घेताना गाडी अचानक उधळली, उलटली आणि माइल्सचा मृत्यू झाला. तो ४७ वर्षांचा होता. त्यानंतर त्या गाडीत पोलादी संरक्षक पिंजरा बसवण्यात आला आणि तिचं मार्क फोर हे रूप तयार झालं. १९६७ मध्ये याच गाडीतून डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी ले मान्स जिंकली. त्याच शर्यतीत मारिओ आंद्रेत्तीची मार्क फोर भरधाव आदळली. त्याच्या बरगड्या मोडल्या, पण जीव वाचला.