फोर-एच क्लब : वसंतातील उपक्रम आणि सेवाकार्य

फोर-एच ही अमेरिकेच्या कृषिविस्तार यंत्रणेतून, म्हणजे शेतीचे नवे ज्ञान गावोगाव नेणाऱ्या सरकारी यंत्रणेतून, चालणारी मुलामुलींची संघटना आहे. सभासद साधारण ८ ते १८ वर्षांचे असतात. त्याहून लहानांसाठी बहुतेक राज्यांत ‘क्लोव्हरबड’ नावाचा, स्पर्धा नसलेला गट असतो. संघटनेचे एकक म्हणजे काउंटी. काउंटीला आपल्याकडचा तालुका म्हटले तर फारसे चुकत नाही, मात्र ग्रामीण काउंटीत माणसे कमी आणि जमीन ऐसपैस. काउंटीच्या गावी विस्तार कार्यालय असते आणि त्याच्या आधाराने पाच-दहा गावांत क्लब चालतात. हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ हे चार ‘एच’. क्लोव्हरचे हिरवे चौपानी पान आणि प्रत्येक पाकळीवर पांढरा ‘एच’ हे चिन्ह. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात तो बरसीम घास या क्लोव्हरचाच भाऊबंद.

ओहायोतील क्लार्क काउंटीत शाळांचे अधीक्षक ए. बी. ग्रॅहम यांनी १९०२ मध्ये मुलांचा कृषिक्लब काढला, तिथून फोर-एचचा आरंभ मानतात. त्या मुलांचे काम म्हणजे मका आणि भाजीपाला लावणे, माती तपासणे. त्याच सुमारास आयोवातील पेज काउंटीत जेसी फील्ड या शिक्षिकेने असेच गट उभे केले होते. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठ, केंद्र सरकार आणि काउंटी यांची सांगड घालून विस्तारसेवा सुरू झाली आणि हे क्लब तिच्या छत्राखाली आले. हेतू सरळ होता : बाप नव्या बियाण्यावर विश्वास ठेवत नसेल, तर पोराच्या वाफ्यातले पीक त्याला दाखवावे.

उलटी मोजणी

क्लबचे वर्ष कागदोपत्री ऑक्टोबरात सुरू होते. खरी धावपळ मार्च ते मे या काळात, बर्फ वितळून जमीन उघडी पडली की सुरू होते. कारण उन्हाळ्यातली काउंटी फेअर, म्हणजे जत्रा आणि कृषिप्रदर्शन एकत्र. बहुतेक ठिकाणी ती जुलै-ऑगस्टमध्ये भरते. तिची तारीख धरून मागे मोजत जायचे, हे वसंतातल्या नियोजनाचे सूत्र. मार्चमध्ये चुकलेली गोष्ट जुलैत भरून काढता येत नाही, हे नव्या सभासदाला पहिल्याच वर्षी कळते, बहुधा नुकसान सोसून.

डुकराचे गणित यासाठी नमुनेदार आहे. पिल्लू घेताना वजन २७ किलोच्या आसपास. फेअरला ते १२२ किलोच्या घरात हवे. दिवसाला सरासरी ८०० ग्रॅम वाढ धरली, तर ९५ किलोंना जवळजवळ १२० दिवस लागतात. फेअर २५ जुलैला असेल तर पिल्लू मार्च संपायच्या आत गोठ्यात हवे. एक किलो वाढीला सुमारे तीन किलो खुराक, म्हणजे एका जनावरामागे २८० ते ३०० किलो खुराकाची तजवीज. हा हिशेब मुलाने स्वतः मांडायचा असतो. उशिरा घेतलेले पिल्लू किमान वजनाला पोचत नाही. फार लवकर घेतलेले वरची मर्यादा ओलांडते, मग शेवटच्या महिन्यात त्याचा खुराक आवरण्याची वेळ येते आणि जनावर मंचावर मरगळलेले दिसते.

कोकरांच्या बाबतीत वजनापेक्षा खाणे जास्त दगा देते. मेंढीला तांबे सोसत नाही. गायी-डुकरांच्या खुराकात ते घातलेले असते, म्हणून ‘पोते उरले आहे, तेच घालू’ ही काटकसर कोकराच्या जिवावर बेतते. तांबे यकृतात साठत जाते आणि त्रास दिसू लागतो तेव्हा सहसा वेळ गेलेली असते. दुसरा धोका आंत्रविषाराचा. आपल्याकडचे मेंढपाळही तो याच नावाने ओळखतात. चाऱ्यावरून एकदम धान्यावर आणले की आतड्यातले जंतू फोफावतात आणि सगळ्यात धष्टपुष्ट कोकरूच सकाळी मेलेले सापडते. म्हणून खुराक दहा-चौदा दिवसांत हळूहळू वाढवतात. या रोगावरच्या लसीची दुसरी मात्रा तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते आणि नेमकी तीच विसरली जाते.

एप्रिल-मेमध्ये वजननोंदणीचा दिवस असतो. कोकरे आणि डुकरे फेअरच्या मैदानावर आणून वजन करतात, कानात क्रमांकाचा बिल्ला मारतात. बैलांची नोंदणी त्याआधीच्या हिवाळ्यात उरकलेली असते, कारण त्यांना वाढायला वर्षाहून अधिक लागते. ठरलेल्या तारखेआधी जनावर मुलाच्या मालकीचे असावे लागते. बिल्ला नसला तर फेअरला प्रवेश नाही, आणि ‘ट्रेलर पंक्चर झाला’ हे कारण कुठेच चालत नाही. याच सुमारास पशुपालकांसाठीचे गुणवत्ता प्रशिक्षणही बहुतेक काउंट्यांत सक्तीचे असते. त्यातला मुख्य धडा औषधांचा : मात्रा किती, कधी दिली आणि शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस कत्तल करायची नाही.

हो, कत्तल. विक्रीसाठी वाढवलेले जनावर फेअरच्या शेवटी लिलावात जाते आणि तिथून कत्तलखान्यात. हे मुलाला आणि घरच्यांना मार्चमध्येच माहीत असायला हवे. ज्यांना ते नको, अशा शाकाहारी घरांतल्या मुलांसाठी दुभती कालवड, पैदाशीच्या शेळ्या, ससे, कुत्रा किंवा सरळ भाजीपाला, शिवणकाम, रोबोट असे प्रकल्प असतात. फोर-एच म्हणजे फक्त गुरेढोरे, हा समज काही काउंट्यांत क्लबवाल्यांनाच सोडवत नाही.

अंडी उबवणी

वसंतातला सर्वांत लोकप्रिय उपक्रम शाळेच्या वर्गात होतो. विस्तार कार्यालय उबवणी यंत्र आणि फलित अंडी देते. क्लबमधली मोठी मुले ती वर्गात नेऊन लहानांना शिकवतात. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, म्हणून मंगळवारी ठेवलेली अंडी मंगळवारी फुटतात. शुक्रवारी ठेवली तर पिल्ले शुक्रवार-शनिवारी, कुलूपबंद शाळेत जन्माला येतात.

यंत्र आदल्या दिवशीच सुरू करून तापमान स्थिर करून घेतात. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात. पंखा नसेल तर अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर मोजून ३८.५ च्या आसपास, कारण तिथे वरची हवा गरम आणि खालची थंड राहते. डाकेने आलेली अंडी टोकाची बाजू खाली करून १२ ते २४ तास स्वस्थ ठेवतात. त्याने हादरलेली हवेची पोकळी जागेवर बसते. मग पेन्सिलीने अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायचा. पेनची शाई कवचातून आत झिरपते, म्हणून पेन्सिलच. दिवसातून निदान तीनदा अंडे फिरवायचे. फेऱ्या विषम ठेवतात, म्हणजे रात्रभर अंडे रोज त्याच कुशीवर राहत नाही. फुल्या वर की गोल वर, हे वर्गात शिरताच दिसते आणि कोण फिरवायला विसरले तेही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याला विजेरी लावून पाहतात. लाल शिरांचे जाळे आणि मधे हलणारा ठिपका दिसला तर गर्भ जिवंत. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडे अफलित. रक्ताचे कडे दिसले तर गर्भ वाढू लागून मेला आहे. अठराव्या दिवशी फिरवणे बंद. आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांवरून पासष्ट-सत्तरवर न्यायची आणि झाकण बंद. इथेच घोळ होतो. पहिले अंडे टिचले की वर्गाला झाकण उघडून पाहावेसे वाटते. उघडले की ओलावा निघून जातो, कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाला आवळून धरतो आणि ते आतच राहते. पिल्लाला बाहेर यायला बारा तास, कधी चोवीस तासही लागतात. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढते, तेव्हा पिसे सुकेपर्यंत त्याला हलवायची घाई नसते.

अंडी कमी फुटण्याची कारणे बहुधा साधी असतात. शाळा रात्री हीटिंग कमी करते आणि खिडकीजवळचे यंत्र थंड पडते. सफाईच्या वेळी कोणीतरी प्लग काढतो. सकाळचे ऊन थेट पडून तापमान चढते, आणि थोड्या थंडीपेक्षा थोडी जास्त उष्णताच गर्भाला लवकर मारते. बाहेर आलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली लाकडाचा भुसा हवा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि तसेच राहतात. पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे, कारण साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू. २०२२ पासूनच्या बर्ड फ्लूच्या लाटेमुळे कित्येक ठिकाणी पक्ष्यांची प्रदर्शने बंद ठेवावी लागली आहेत, तेव्हा पिल्ले पुढे कोणाकडे जाणार हे अंडी आणण्याआधीच ठरलेले बरे.

माती आणि रोपे

बागेचा प्रकल्प माती परीक्षणाने सुरू होतो. आपल्याकडे ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेऊन माती काढतात, तिथे नळीसारखा प्रोब खुपसतात. पद्धत मात्र एकच : वाफ्यात नागमोडी चालत दहा-पंधरा जागांवरून १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती घ्यायची, ढेकळे फोडून एकत्र कालवायची आणि त्यातली अर्ध्या लिटरइतकी पाठवायची. बादली प्लास्टिकचीच. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीने अहवालातले जस्त फुगते.

टोमॅटोचे बी शेवटच्या हिमाच्या अंदाजे तारखेआधी सहा ते आठ आठवडे घरात पेरतात. खिडकीतल्या उजेडावर रोप काडीसारखे लांबते, म्हणून दिवा रोपापासून चार-पाच बोटांवर टांगतात. बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपे सरावाला काढायची : पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग थोडे ऊन, मग वारा. हा सराव टाळला की पाने एका दुपारीत पांढरी पडतात. उरलेली रोपे विकून क्लब वर्षाचा किरकोळ खर्च भागवतो.

सेवाकार्य

फोर-एचच्या शपथेत हात ‘अधिक व्यापक सेवेसाठी’ वाहिलेले आहेत. ही शपथ १९२७ मध्ये स्वीकारली गेली आणि १९७३ मध्ये तिच्या शेवटी ‘माझे जग’ हे शब्द जोडले गेले. सेवा हा ऐच्छिक शोभेचा भाग नव्हे, तास नोंदवावे लागतात. काम मुलांनीच सभेत ठराव मांडून निवडायचे असते.

रस्ता-सफाई हे नेहमीचे काम. बर्फाखाली हिवाळाभर साठलेला कचरा मार्च-एप्रिलमध्ये उघडा पडतो आणि गवत अजून वाढलेले नसते, म्हणून हाच मोसम. चकाकत्या रंगाची जाकिटे, जाड हातमोजे आणि पूर्ण पायाचे बूट घालतात, पँटची टोके मोज्यांत खोचतात, नाहीतर गोचिडी चढतात. वाहनांकडे तोंड करून चालायचे, एका वेळी रस्त्याची एकच बाजू, पूल आणि दुभाजक सोडून द्यायचे, पाऊस किंवा धुके आले की काम थांबवायचे. सुया, बॅटऱ्या, मेलेली जनावरे आणि आत द्रव असलेल्या बंद बाटल्यांना हात लावायचा नाही, मोठ्यांना दाखवायचे. वयाची अट राज्यागणिक बदलते. भरलेल्या पिशव्या कोण उचलणार, हे आधी विचारले नाही तर त्या आठवडाभर रस्त्याकडेला पडून राहतात आणि कोल्हे-कुत्री त्या फाडतात.

अन्नपेढीसाठी, म्हणजे गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या संस्थेसाठी, धान्य गोळा करण्याआधी पेढीला फोन करावा. नाहीतर मुदत संपलेल्या भोपळ्याच्या डब्यांचा ढीग जमतो आणि तिथले स्वयंसेवक तो निवडत बसतात. शेंगदाण्याचे लोणी, डबाबंद मासे आणि राजम्यासारखी कडधान्ये जवळजवळ नेहमी हवी असतात. मे महिन्यात फेअरच्या मैदानावर श्रमदानाचा दिवस ठेवतात : गोठ्यांची फाटके रंगवणे, मागच्या वर्षीचा भुसा उपसणे, नळ तपासणे. मेच्या शेवटच्या सोमवारी स्मृतिदिन असतो. त्याआधी मुले दफनभूमीत सैनिकांच्या कबरींवर छोटे झेंडे रोवतात. झेंडा शिळेपासून साधारण एका पावलावर, सरळ रांगेत यावा म्हणून बुटाचेच माप घेतात.

क्लब चालवणाऱ्या मोठ्या माणसांना मानधन नसते. अर्ज, संदर्भ, पार्श्वभूमी तपासणी आणि प्रशिक्षण यांतून गेल्याशिवाय त्यांना मुलांबरोबर काम करता येत नाही, आणि एकट्या प्रौढाने एकट्या मुलाबरोबर राहायचे नाही हा दंडक आहे. वसंतात हीच माणसे कमी पडतात, कारण पेरणी त्यांचीही असते. ट्रेलर कोणाचा, गाडी कोण चालवणार, यावर सभेतला निम्मा वेळ जातो.

आणि नोंदवही. खुराकाची पावती, वजन, औषधाची मात्रा, सेवेचे तास हे सारे त्या-त्या दिवशी लिहायचे. जुलैत एका बैठकीत आई लिहून देते ती वही परीक्षकाला लगेच ओळखू येते : सगळीकडे एकच शाई आणि सगळे आकडे पूर्णांकात. निळी, लाल किंवा पांढरी, अशी उतरत्या श्रेणीची फीत ठरवण्याआधी परीक्षक मुलाला हमखास विचारतो, ‘एप्रिलमध्ये याचे वजन किती होते?’