आयसोटोपचा आकडा: मैलापाणी की आटलेलं खत?

पाण्यात नायट्रेट सापडलं की वाद ठरलेला: दोष शेतातल्या खताचा की वस्तीच्या मैलापाण्याचा? मग नमुना आयसोटोपच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या, तपासणीला जातो, जड नायट्रोजन-१५चा एक आकडा येतो (हवेच्या तुलनेत तो दर हजारी किती जास्त-कमी) आणि अहवालात एका ओळीत निकाल लागतो: ‘मूल्य +१४, सबब स्रोत सांडपाणी.’ हे ‘सबब’ वाचलं की माझं डोकं फिरतं.

सोपा भाग आधी उरकून टाकू. रासायनिक खतातला नायट्रोजन हवेतून घेतलेला असतो, म्हणून त्याचा आकडा हवेच्या शून्याजवळच, साधारण -४ ते +४ दर हजारी. शेण, मूत्र, मैला यांतून अमोनिया उडतो आणि उडताना हलका नायट्रोजन-१४ जास्त नेतो. मागे उरलेल्याचं नायट्रेट बहुधा +१० ते +२० भरतं. मातीतलं या दोहोंच्या मधे. शेण आणि माणसाचा मैला या आकड्यावरून वेगळे काढता येत नाहीत. ते हवं असेल तर बोरॉनचे आयसोटोप तपासा, नाहीतर सरळ पाण्यात कॅफीन आहे का ते बघा. गाईगुरं चहा पीत नाहीत.

खरी गोची पुढे आहे. भूजलात ऑक्सिजन संपला की काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडतात. हे डीनायट्रिफिकेशन. जिवाणूही हलके रेणू आधी उचलतात, म्हणून नायट्रेट घटत जातं तसा उरलेल्याचा आकडा चढत जातो. आमटी आटून खारट झाली म्हणून कुणी वरून मीठ घातलं असं होत नाही, पण अहवाल लिहिणारे नेमकं तेच म्हणतात.

हिशोब करून बघा. खताचं नायट्रेट +४ ला सुरू झालं, जिवाणूंची हलक्याला पसंती १५ दर हजारी धरली (भूजलात ती याहून बरीच कमी-जास्तही असते) आणि निम्मं नायट्रेट संपलं, तर उरलेलं +१४ च्या वर जातं. मैल्याचा एक थेंब नसताना आकडा मैल्याचा!

फरक कळतो तो नायट्रेटमधला जड ऑक्सिजन, ऑक्सिजन-१८, सोबत मोजल्यावर. डीनायट्रिफिकेशनमध्ये दोन्ही आकडे जोडीनं चढतात. जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या फुरबर्गच्या भूजलात हे प्रमाण नायट्रोजन दोन, ऑक्सिजन एक असं दिसलं. तो अभ्यास १९९० चा. मैलापाण्याच्या ताज्या नायट्रेटमध्ये नायट्रोजन चढलेला, पण ऑक्सिजन जागेवरच. मात्र चढण दिसायला एक विहीर पुरत नाही. पाणी वाहतं त्या दिशेनं चार-पाच ठिकाणचे नमुने घ्या आणि क्लोराइड (मिठातला घटक) मोजाच. जिवाणू नायट्रेट खातात, क्लोराइडला हात लावत नाहीत. क्लोराइड तेवढंच, नायट्रेट घटलेलं आणि आकडा चढलेला, तर तिथल्या तिथेच नायट्रेटचं आटणं, म्हणजे डीनायट्रिफिकेशन, चालू आहे. तिन्ही एकदम वाढले तर मैलापाण्याचा संशय रास्त. अर्थात मैलापाण्याचं नायट्रेटही आटतं, त्यामुळे क्लोराइडशिवाय मी कुठल्याच निष्कर्षावर सही करत नाही.

ऑक्सिजनचीही एक फसगत आहे. पाठ्यपुस्तकातल्या या दोन आकड्यांच्या आलेखात ‘खत’ नावाची चौकट ऑक्सिजनच्या +२० च्या आसपास असते. ती नायट्रेटयुक्त खताची. आपल्याकडे उसाला पडतो युरिया. त्यात नायट्रेट नसतंच, ते मातीत तयार होतं आणि त्यातला बराचसा ऑक्सिजन पाण्यातून येतो. ती चौकट रिकामी दिसली म्हणून ‘खताचा संबंध नाही’ म्हणणारे अहवाल रद्दीत घालावेत.

हा घोळ जुनाच आहे. १९७१ मध्ये कोल, शिअरर आणि कॉमनर या संशोधकांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये डेकेटर तळ्याच्या पाणलोटातलं किमान ५५ ते ६० टक्के नायट्रेट खताचं असल्याचं ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, आणि तेही नुसत्या नायट्रोजनच्या आकड्यांवरून. पुढच्याच वर्षी मृदाशास्त्रज्ञ तुटून पडले: मातीतच आकडे एवढे बदलतात, तर टक्के काढता कसे? खताकडे बोट दाखवण्यात कॉमनर चूक होते असं मला वाटत नाही. टक्के छापायला नको होते. आज संगणकावरची मॉडेलं तेच टक्के रंगीत वर्तुळात काढून देतात, बऱ्याचदा आटण्याचा हिशोब न घालता.

फॉस्फरसला हे सगळं लावायला जाऊ नका. त्याचा स्थिर आयसोटोप एकच, तुलनेला जोडच नाही.

आणि नमुना विहिरीवरच बारीक गाळून गोठवा. नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतले जिवाणू आकडा बदलून ठेवतात.