प्रतिदीप्त रंगाने प्रशीतक गळतीचा शोध

एसी, फ्रीज, गाडीची वातानुकूलन यंत्रणा किंवा केळी पिकवण्याची थंड खोली यांच्या बंद नळ्यांतून फिरणारा प्रशीतक (थंडावा देणारा वायू, बोलीत ‘गॅस’) नेमका कुठून निसटतो, हे ओळखण्यासाठी यंत्रणेच्या तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळण्याची पद्धत. कारागीर तिला ‘डाय टाकणे’ म्हणतात आणि गळतीला ‘लिकेज’.

कार्यतत्त्व : प्रशीतकाला रंग नसतो आणि बहुतेक प्रशीतकांना जाणवण्याजोगा वासही नसतो. गाड्यांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला आर-१३४ए उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. नळीबाहेर पडताच तो हवेत विरतो आणि मागे काही ठेवत नाही. पण तो सहसा एकटा बाहेर पडत नाही. वायू दाबून फिरवणाऱ्या कंप्रेसरचे थोडे तेल वायूबरोबर सगळ्या चक्रात फिरत असते आणि फटीतून तेही पाझरते. वायू उडून जातो, तेल जागेवर राहते. रंग या तेलात विरघळलेला असतो. म्हणजे ही पद्धत वायू दाखवत नाही, तेलाचा माग दाखवते. तिचे गुण आणि तिच्या अडचणी दोन्ही याच एका गोष्टीतून येतात.

अदृश्य अतिनील किरण शोषून त्याबदली दिसणारा प्रकाश बाहेर टाकण्याच्या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. फ्लोराइट या खनिजावरून तिचे इंग्रजी नाव जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये पाडले. फ्लुरोसीन हा हिरवट चमकणारा रंग अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केला आणि सहाच वर्षांत त्याला गळती शोधण्याचे काम मिळाले. डॅन्यूब नदीचे जमिनीत मुरणारे पाणी कुठे जाते हे पाहण्यासाठी १८७७ मध्ये जर्मनीत सुमारे १० किलो फ्लुरोसीन नदीत सोडले गेले आणि साधारण ६० तासांनी ते आख नदीच्या उगमझऱ्यात उगवले. एसीत घालायचे रंग मात्र तेलात विरघळणारे लागतात. त्यासाठी नॅफ्थॅलिमाइड व पेरिलीन या गटांतील रंग वापरले जातात.

‘गॅस संपला’ : खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एसी थंड करेना की घरमालक सांगतो, ‘गॅस संपला असेल, भरून द्या.’ स्वयंपाकाच्या सिलिंडरसाठी वापरतो तोच शब्द इथेही वापरल्यामुळे हा गैरसमज पक्का झाला असावा. सिलिंडरातला गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला वायू बंद चक्रात फिरतो, द्रव होतो, पुन्हा वायू होतो. तो खर्च होत नाही. कमी झाला असेल, तर आधीच कमी भरला होता किंवा कुठेतरी गळतो आहे. दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात रोज पाणी ओतणे. यात कंप्रेसरचेही नुकसान आहे. परत येणारा गार वायू त्याला थंड ठेवतो. तो कमी पडला की कंप्रेसर तापतो, शिवाय तेलही नीट परतत नाही.

हवेत गेलेला वायूही निरुपद्रवी नसतो. १०० वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, एसीत वापरला जाणारा आर-२२ हा दुसरा प्रशीतक सुमारे १,८१० किलोइतकी. आर-२२ ओझोनच्या थराचेही नुकसान करतो. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आर-१३४ए सारख्या वायूंवर नियंत्रण आणणारी याच कराराची २०१६ ची किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली.

पद्धत : आधी सगळे सांधे पुसून स्वच्छ करतात. काळ्या मातीच्या मुलखात ही पायरी टाळता येत नाही. रस्त्यावरची धूळ तेलकट जागेवर चिकटून काळपट चिखल होतो आणि तो रंगाची चमक झाकतो. हाच डाग पाहून मुरलेला मेकॅनिक डाय न टाकताही निम्मी गळती ओळखतो, हेही खरे. मग कमी दाबाच्या बाजूच्या व्हॉल्व्हमधून रंग आत सोडतात. गाडीच्या एसीला साधारण ५ ते ८ मिलिलिटर पुरतो. जास्त घातल्याने गळती लवकर दिसत नाही, उलट तेलाचा पातळ-घट्टपणा बिघडतो. रंग यंत्रणेतल्या तेलाशी जुळणाराही हवा.

यानंतर यंत्र चालवून वाट पाहतात. मोठी गळती अर्ध्या तासात दिसते, बारीक गळतीला काही दिवस, कधी आठवडाही लागतो. मग अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा. चष्मा टॉर्चचा जांभळा उजेड अडवतो, त्यामुळे पिवळट हिरवी चमक उठून दिसते. ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चपेक्षा ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चमध्ये हा जांभळा उजेड कमी असतो.

खरी अडचण काळोखाची. छतावरचे आउटडोअर युनिट भर दुपारच्या उन्हात तपासले तर टॉर्चचा काहीच उपयोग होत नाही. काम दिवस मावळल्यावर करावे लागते, नाहीतर जाड ताडपत्रीखाली डोके घालून. गिऱ्हाईक एप्रिल-मेमध्ये येते आणि त्याला थंडावा आजच हवा असतो. काळोख आणि सवड या दोन्ही गोष्टी त्या दिवसांत दुर्मीळ, म्हणून गॅस भरून देण्याची चाल टिकून आहे. तपासणी थंडीत करून घेणे केव्हाही बरे.

गळती बहुधा कुठे सापडते : गाडीत कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, सर्वांत पुढे असतो. नवापूर-धुळे-जळगाव-भुसावळ या महामार्गावर ट्रकच्या चाकांखालून उडालेला खडा तिथेच बसतो. त्याशिवाय सांध्यातली रबरी ओ-रिंग, कंप्रेसरच्या दांड्याचे सील आणि गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन. घरच्या स्प्लिट एसीत पहिला संशय फ्लेअर नटवर, म्हणजे नळीचे पसरट केलेले तोंड आवळणाऱ्या नटवर. आतली कॉइल दिसत नसेल तर तिचे ठिबकणारे पाणी टॉर्चखाली धरतात. त्यात हिरवट कवडसा असला तर गळती आत आहे.

फसव्या चमका : अतिनील प्रकाशात चमकणारी प्रत्येक गोष्ट डाय नसते. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा असाच हिरवा रंग असतो. कपडे धुण्याच्या पावडरीच्या फेसाने आधी सांधे तपासले असतील, तर पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्ये निळसर पांढरी दिसतात. गोदामाच्या कोपऱ्यात हिरवट निळे काही चमकले तर हात लावण्यापूर्वी पाहावे, कारण विंचूही असाच चमकतो.

जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवण्याच्या थंड खोलीत, आणखी एक गंमत दिसते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही केळी इथिलीन हा फळ पिकवणारा वायू देऊन साधारण १४ ते १८ अंशांत, दमट हवेत पिकवतात. १३ अंशांच्या खाली साल काळवंडते. गळतीमुळे थंडावा कमी पडला, तर फळाच्या स्वतःच्या उष्णतेने घड एकदम पिकतात आणि मऊ पडतात. अशा खोलीत टॉर्च लावला की पिकलेली केळी निळी चमकतात, कच्ची हिरवी केळी तशी चमकत नाहीत. साल पिवळी होताना हरितद्रव्य मोडून जे पदार्थ बनतात त्यांची ही चमक. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील रसायनशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ती नोंदवली. डायचा पिवळट हिरवा रंग मात्र तिच्यापासून सहज वेगळा ओळखता येतो.

मर्यादा : भिंतीत गाडलेल्या नळीची गळती या पद्धतीने दिसत नाही. तेल पोचत नाही तिथून नुसता वायू जात असेल, तरीही नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा नायट्रोजनच्या दाबाची चाचणी लागते. दाबासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. काही कंप्रेसर उत्पादक बाहेरचा रंग घातल्यास हमी नाकारतात. दुरुस्तीनंतर जुना डाग क्लीनरने पुसला नाही, तर पुढचा मेकॅनिक बुजवलेल्या भोकावरच पुन्हा वेळ घालवतो. म्हणून रंग घातल्याची तारीख यंत्रावर चिकटवून ठेवतात.

अमोनियावर चालणाऱ्या मोठ्या शीतगृहांत या रंगाची सहसा गरज पडत नाही. तिथे गळती आधी नाकाला कळते आणि जागा शोधायला पेटती गंधकाची कांडी फिरवतात. अमोनिया निसटतो तिथे पांढरा दाट धूर उठतो.